रेच्याचा लाल नाडा

मित्रांनो, मी एक जुना रेचा आहे, आणि खरं सांगायचं तर फार थकलो आहे. कापसातली सरकी वेगळी काढायची आणि पांढरीशुभ्र रुई पुढे ढकलायची, एवढंच माझं काम. तिसगावजवळच्या जिनिंगमध्ये आम्ही रेचे ओळीनं उभे आहोत. त्यात सगळ्यांत म्हातारा मीच.

तरुणपणी माझी काय ऐट होती म्हणून सांगू! आसपासच्या सगळ्या शिवारांतला कापूस माझ्या तोंडातून जायचा. मग रुईच्या गाठी बांधायच्या, कंटेनर भरायचा, की माल निघाला समुद्रापार. मी कधी गावाची वेस ओलांडली नाही, पण माझ्या रुईचं कापड परदेशातली माणसं अंगावर घालतात! आता मात्र रोलर झिजलेत, बेअरिंग करकरतात. तेल मागून मागून घसा कोरडा पडला. ऐकतो कोण?

मालक आबासाहेबांचा माझ्यावर जीव, यात वाद नाही. खंडेनवमीला ते स्वतः मला हळद-कुंकू लावतात, हार घालतात आणि दांड्याला लाल नाडा बांधतात. गेल्या वर्षीही बांधला. हंगाम सुरू होताना हार उतरवला, नाडा तसाच ठेवला. पूजेचं बांधलेलं सोडायचं कसं? माझ्या हादऱ्यांनी तो सैल झाला आणि एके दिवशी रोलरमध्ये ओढला गेला. मला ठसका लागला, पण त्या खडखडाटात कुणाला कळणार?

पुढे एकदा आबासाहेब मोबाईल घेऊन तणतणत आले. परदेशातल्या गिरणीनं फोटो पाठवला होता. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके! गिरणीनं पुढचा माल घ्यायचं थांबवलं होतं.

माझ्यासमोर बसून एंजेला कापसातला कचरा निवडते. तिच्या साडीचा पदर नेमका लाल.

"तुज्याच पदराचे धागे गेले, बाई. उद्यापासून येऊ नको."

"आबासाहेब, पदर खोचलेला आसतो माजा. एक दोराबी सुटलेला न्हाई. बघा तरी!"

त्यांनी बघितलं नाही. एंजेलाचं घर तिच्या एकटीच्या मजुरीवर चालतं. ती डोळे पुसत गेली, आणि मला एवढं मोठं तोंड असून एक शब्द बोलता येईना. असा जीव जळला माझा! चार दिवस कसाबसा फिरलो आणि बंद पडलो.

फिटर कल्याणनं मला उघडलं. रोलरच्या टोकाला लाल गुंता करपून बसलेला.

"मालक, ह्यो नाडा तुमीच बांधला हुता न्हवं?"

आबासाहेबांचा चेहरा खाडकन उतरला. गुंता मुठीत घेऊन ते तसेच बाहेर पडले. एंजेलाच्या दारात उभे राहून ते रडले, असं कल्याण नंतर सांगत होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्यासमोर बसली.

परवा खंडेनवमी झाली. आबासाहेबांनी मला कुंकू लावलं, सवयीनं ताटातला नाडा उचलला आणि एंजेलाकडे बघून थबकले.

"बांधू का गं?"

"नाडा ऱ्हाऊ द्या, आबासाहेब. त्याला तेल घाला. लई दिसांपासनं करकरतोय त्यो."

मित्रांनो, म्हणजे तिला ऐकू येत होतं! तुमच्याही घरी असं कुणी झिजत असेल, तर हार घालायच्या आधी त्याची कुरकुर ऐका.

आबासाहेबांनी नाडा ताटात ठेवला आणि तेलाची बुधली आणायला ते स्वतः गेले.