कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला

टांझानियातल्या रुआहा नदीचं एकेक वळण मला पाठ आहे, आणि मी तिथे कधीच गेलेले नाही.

अमेरिकेत, नोव्हायमध्ये गुरुनाथकाका आणि शोभनाकाकूंच्या बेसमेंटमधल्या खोलीत बसून मी तीन वर्षं तिथले फोटो तपासते आहे. झाडाला बांधलेला कॅमेरा, समोर काही उबदार हललं की आपोआप फोटो. प्रत्येक फोटोला मी नाव द्यायचं : जिराफ, हत्ती, माणूस, रिकामं.

माझा विषय आफ्रिकी रानकुत्रे. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यामुळे ओळख पटते. कानाला खाच असलेल्या म्होरक्या मादीला मी आत्याबाई म्हणते. वरच्या अंगाला भातशेती वाढल्यापासून कोरड्या महिन्यांत रुआहा वाहायची थांबते आणि नुसते डोह उरतात. सिंह तिथेच बसलेले असतात. मग आत्याबाईचा कळप पाण्याला येतो कधी? माझ्या प्रबंधात एवढं एकच प्रकरण उरलं होतं. त्यासाठी या ऑगस्टमध्ये चार डोहांवर कॅमेरे लावायला मी जाणार होते.

पण माझ्या पासपोर्टातला व्हिसा संपलेला. अमेरिकेत राहून शिकायला तो चालतो. बाहेर पडलं की परत यायला नवा लागतो, आणि तो किती दिवसांत मिळेल हे कोणीच सांगत नाही.

"देवदत्तचं काय झालं, माहीत आहे ना?" काका म्हणाले. "बहिणीच्या लग्नाला गेला आणि पाच महिने पुण्यात अडकला. लॅबने जागा दुसऱ्याला दिली. कुत्री बघायला एवढी रिस्क?"

"रानकुत्रे, काका."

"तेच ते."

"जाऊ दे तिला," काकू म्हणाल्या. "तुम्ही ग्रीन कार्डापायी अकरा वर्षं विमानात बसला नाहीत, म्हणून तिनेही बसायचं नाही?"

"नाही बसलो, म्हणून हे घर उभं आहे."

"हो ना. बेसमेंटसकट."

तिकीट मीच कॅन्सल केलं. कोणी हात धरला नव्हता.

माझ्या जागी प्रोफेसरांनी अक्षतला नेलं. अमेरिकेतच, प्लेनोत जन्मलेला, पहिल्या वर्षाचा, खिशात अमेरिकन पासपोर्ट. त्याला मी नऊ पानांच्या सूचना लिहून दिल्या. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत : कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला. पूर्वेला ठेवलं तर ऊन थेट समोरून येतं, तापलेलं गवत हलतं आणि कॅमेरा सकाळभर गवताचेच फोटो काढत राहतो. कार्ड भरलं की बंद.

"गॉट इट, निधीताई. चिल."

तिथे आमच्यासाठी काम करतात ते कालिंगा, इरिंगा गावचे. दोन वर्षं व्हॉइस नोटवर त्यांनी मला स्वाहिली शिकवली. त्यांच्याकडे कामाचं बोलण्याआधी विचारपूस होते : घरची खबर, शेताची खबर, आईवडिलांची खबर. प्रत्येकाला उत्तर एकच, 'न्झुरी', म्हणजे छान. "आणि घर जळालं असेल तर?" मी एकदा विचारलं होतं. ते खूप हसले. "तरी आधी छान. मग आग."

चौदा ऑगस्टला आमच्या टीमच्या ग्रुपवर फोटो आला. बाओबाबच्या प्रचंड खोडाशी अक्षत उभा, हातात डोहाचा नंबर लिहिलेली पाटी. कॅमेरा लावला की पहिला फोटो असा पाटीचा घेतात. तीन वर्षं त्या पाटीमागे मी प्रोफेसरांना पाहिलं होतं. यंदा तिथे मी असणार होते. फोटोखाली हार्ट पडायला लागले. मी ग्रुप म्यूट केला, आणि कामापुरतं प्रोफेसरांना ईमेल करत राहिले.

नोव्हेंबरात चारही कार्डं आली. पहिल्या फोटोत अक्षत हसतोय. दुसऱ्यात त्याच्या मागे कालिंगा, हात लांब करून दक्षिणेकडे दाखवताहेत. तिसऱ्यात कोणी नाही. पुढे सूर्योदय आणि गवत, गवत आणि सूर्योदय. एका कार्डावर अकरा हजार फोटो, नऊ दिवसांत भरलेलं. बाकीच्या तिन्हींचं तेच. सगळं चाळल्यावर एका फोटोच्या कडेला शेपटीचं पांढरं टोक सापडलं. रानकुत्र्याचंच. आत्याबाईचं की दुसऱ्या कोणाचं, ते टोकावरून सांगता येत नाही.

"मिळालं का गं काही?" काकूंनी जिन्यावरून विचारलं.

"बघते आहे."

मग मी ग्रुप उघडला. अक्षतला नेमकं कोणत्या शब्दांत सुनावायचं ते ठरलेलं होतं. वर सरकवत ऑगस्टपर्यंत गेले. पंधरा तारखेला कालिंगांची व्हॉइस नोट होती, नाव घेऊन माझ्यासाठी. बेचाळीस सेकंदांची. त्यातली तीस सेकंदं विचारपूस. मग : "मुलाने कॅमेरे सूर्याकडे लावले आहेत. मी सांगितलं, तर म्हणतो फोटो सुंदर येतील. काम तुझं आहे. तू हो म्हण, मी चारही फिरवतो. वाट बघतो."

त्याखाली दोन दिवसांनी पुन्हा एक. तीन सेकंदांची. "निधी?"

अक्षतसाठी ठरवलेलं मी काहीच लिहिलं नाही. पहिले दोन फोटो निवडून 'माणूस' नोंदवलं. उरलेले एकदम निवडून 'रिकामं'. शेपटीचा तेवढा बाजूला ठेवला.

मग कालिंगांना उत्तर द्यायला बसले. तीन महिने उशिरा का होईना, आधी त्यांच्या विचारपुशीला उत्तर द्यायला हवं होतं.

घरची खबर छान, मी लिहिलं. आईवडिलांची छान. अभ्यासाची छान.

पुढचं वाक्य लिहायला वेळ लागला.