अडतीस गोट्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या झाकणाला दोन गोल भोकं आहेत. उजव्या भोकाशी ‘आवडला’ आणि डाव्या भोकाशी ‘नाही आवडला’ असं लिहिलेलं आहे. अक्षरं आता पुसट झाली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट फुशारकीची नाही. ती सांगताना आजही मला झाकण बंद करून बसावंसं वाटतं.

एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी सिनेमा दाखवत. कोणता दाखवायचा हे पाळीपाळीने एकेक सभासद ठरवी. सिनेमा संपला की सगळे जिन्यात घुटमळत आणि आपापलं मत सांगत. सांगत म्हणजे वकीलसाहेब सांगत आणि बाकीचे माना डोलावत. वकीलसाहेबांचा आवाज मोठा, आणि मत मध्यंतरातच तयार झालेलं. ते ‘भिकार’ म्हणाले, की ज्याला सिनेमा आवडला असेल तो मुकाट्याने चपला शोधू लागे.

गणिताच्या बाईंना हे खटके. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मोजायची सवय निवृत्त झाली नव्हती. ज्याला बोलता येत नाही त्यालाही मत असतं, असं म्हणून त्यांनी सुताराकडून मला करवून घेतलं. एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. आत मधोमध एक उभी फळी घालून सुताराने दोन कप्पे केले. ती फळी तळापर्यंत पोचेना, अंगठाभर कमी पडली. म्हणून त्याने तळाशी एक पट्टी दोन खिळ्यांनी ठोकून फट बुजवली. ही पट्टी लक्षात ठेवा.

आत येताना प्रत्येकाला काचेची एक गोटी मिळे. जाताना ती माझ्यात टाकायची. भोकं इतकी जवळ, की हाताआड गोटी कुठे गेली ते शेजाऱ्याला दिसत नसे. मग बाई झाकण उघडून मोजत आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून आकडे सांगत. अर्ध्याहून जास्त गोट्या उजवीकडे असल्या, तर तो सिनेमा दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवत. तीन वर्षं मी हे काम चोख केलं. माझ्यासारखी प्रामाणिक वस्तू या इमारतीत दुसरी नाही, असं बाई म्हणत, आणि मी ते खरं मानत असे.

माझ्यामुळे सगळ्यांत जास्त आनंद झाला होता तो बाइंडरताईंना. त्या खालच्या मजल्यावर वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायच्या. बोटांना कायम खळ लागलेली. अकरा वर्षं त्या सिनेमाला येत होत्या, पण जिन्यात त्यांचा शब्द कुणी ऐकला नव्हता. माझ्यात गोटी टाकताना मात्र त्या क्षणभर थांबत आणि ती अलगद सोडत. आपली पाळी आली, की त्या दर वेळी दुसऱ्याला देऊन टाकत. शेवटी बाईंनी फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी एका जुन्या सिनेमाचं नाव दिलं. एक म्हातारा एकट्याने होडी दुरुस्त करतो, एवढीच गोष्ट. सगळ्या सिनेमात मोजून दहा वाक्यं.

त्याच आठवड्यात शिपाईमामांनी साफसफाई काढली. माझी आतली फळी उपसून मला धुतलं, वाळवलं. तेवढ्यात तळाची पट्टी निघून आली. मामांना वाटलं, कुठलातरी लाकडाचा तुकडा आत पडलाय. सभागृहाचं दार सारखं आपटत असे, म्हणून त्यांनी तो दाराखाली पाचर म्हणून सारला आणि मला परत माझ्या स्टुलावर ठेवलं. त्या स्टुलाचा डावा पाय पहिल्यापासूनच आखूड होता. पट्टी होती तोवर त्याने काही बिघडत नव्हतं.

शनिवारी बावन्न माणसं आली. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. मग एकेक हात माझ्यावर आला. वकीलसाहेबांचा हात तर ओला होता. त्यांनी नुकतेच डोळे पुसले होते. त्यांची गोटी उजव्या भोकातून आत आली, तळावर टेकली आणि फळीखालून हळूच डावीकडे घरंगळली. तिच्यामागून दुसरी गेली. मला प्रत्येक गोटी कळत होती. उजव्या भोकातून अडतीस आल्या आणि डाव्यातून चौदा. पण मला तोंड नाही. माझं बोलणं म्हणजे झाकण उघडल्यावर दिसेल ते.

बाईंनी झाकण उघडलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी जरा हळूच सांगितलं, आवडला नऊ, नाही आवडला त्रेचाळीस.

जिन्यात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ज्याला त्याला वाटलं, म्हणजे आवडलेला मी एकटाच की काय. कुणीतरी म्हणालं, हो, जरा संथच होता. लगेच दुसऱ्यालाही तो संथ वाटला. मग वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

“संथ म्हणजे किती? होडी पाण्यात जाईपर्यंत माझे गुडघे गंजले.”

सगळे हसले. बाइंडरताई त्यांच्या शेजारीच पिशवी धरून उभ्या होत्या. त्याही हसल्या. उतरताना त्या बाईंना एवढंच म्हणाल्या, “मला कळतच नसेल सिनेमातलं.” पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत. खालच्या खोलीत दिवा मात्र जळत असे.

मित्रांनो, पुढचे सहा महिने एकही सिनेमा कुणाला आवडला नाही. बाई चक्रावल्या. वकीलसाहेब म्हणत, आपले प्रेक्षक आता चोखंदळ झालेत, चांगलं लक्षण आहे. आणि गंमत अशी, की हळूहळू खरोखरच डाव्या भोकातून जास्त गोट्या पडू लागल्या. नावं ठेवायचीच रीत झाली होती. माझं खोटं माणसांनी खरं करून दाखवलं. याची लाज मला पट्टीपेक्षा जास्त वाटते.

मग दाराची बिजागरी निखळली आणि सुताराला बोलावणं गेलं. दाराखालची पाचर काढून तो ती उलटसुलट करून पाहू लागला.

“ही पाचर कुठली, बाई? ही माझी पट्टी आहे. ही बघा खिळ्यांची दोन भोकं.”

बाईंनी पट्टी हातात घेतली. मग त्यांनी मूठभर गोट्या आणल्या आणि माझ्या उजव्या भोकातून एकेक करून दहा सोडल्या. झाकण उघडलं. आठ डावीकडे होत्या. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्या आठ गोट्या एकेक करून परत उजवीकडे ठेवू लागल्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मोजण्यात चूक नव्हती,” त्या सुताराला म्हणाल्या. “पण एकदा तरी कुणाला विचारायचं होतं मी.”

त्या शनिवारी त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. शिपाईमामांनी मान खाली घातली, तेव्हा बाई म्हणाल्या, मामा, तुम्ही पट्टी काढलीत, डोळे झाकले ते मी. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, मला तो होडीचा आवडला होता. मग आणखी एक आवाज आला. मग बरेच. वकीलसाहेब सर्वांत शेवटी बोलले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला लहान वाटला.

पुराव्यासाठी बाईंनी मला काखेत मारलं आणि त्या व वकीलसाहेब जिना उतरून बाइंडिंगच्या खोलीत गेले. ताई एका पुस्तकाच्या पाठीला कापड चिकटवत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, “ताई, मला सिनेमा फार आवडला होता. मी रडलो होतो.”

ताईंनी कापडावरून बोट फिरवून बुडबुडा काढला.

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“सगळ्यांचं मत तसं नव्हतं ना.”

“सगळ्यांचं मी विचारलंच नव्हतं,” ताई शांतपणे म्हणाल्या. “मी जिन्यात तुमच्या शेजारी उभी होते.”

बाईंनी मला ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि मी तिथेच राहिले.

होडीचा सिनेमा पुन्हा लावला. ताई वर आल्या. संपल्यावर जिन्यात वकीलसाहेबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. “आधी तुम्ही सांगा,” ते ताईंना म्हणाले. मी खालच्या खोलीत होते, पण दार उघडं होतं. सगळं ऐकू आलं.

“मला आवडतो,” ताई म्हणाल्या. “पण शेवट जरा लांबलाय.”

मग त्यांच्याशी कुणीतरी वाद घातला. ताईंनीही घातला. जिना कितीतरी वेळ रिकामा झाला नाही.

मी आता ताईंच्या टेबलावर असते. त्यांनी माझी पट्टी खळ लावून जागच्या जागी बसवली आहे. एका कप्प्यात दोऱ्याची रिळं, दुसऱ्यात सुया. सुई इकडची तिकडे जात नाही. वर मला कुणी परत नेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मित्रांनो, तुम्ही सिनेमा पाहाल. कुणीतरी तो तुमच्यासाठी जीव लावून निवडलेला असेल आणि बाहेर पडताना तुमच्या शेजारी उभं असेल. माझ्यासारख्या पेटीत गोटी टाकलीत तरी हरकत नाही. पण आकडा ऐकण्याआधी त्या माणसाकडे वळून तुम्हाला काय वाटलं ते सांगा. आवडला नसेल तरी सांगा. त्या अडतीसांपैकी एकाने सांगितलं असतं, तर माझं खोटं जिन्याच्या पहिल्या पायरीवरच उघडं पडलं असतं.