सातचे दोन

तात्यासो मगदूम गणिताचे प्रोफेसर, पण कोल्हापुरात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. रंकाळ्याच्या वाटेवर तेव्हा एक छोटं कॉलेज होतं. आज त्याचं नावही कुणाला आठवत नाही. शाहू महाराजांनी गावात बोर्डिंगं काढली होती, आणि ज्यांच्या घरात कुणी पाटी धरली नव्हती अशी पोरं त्या कॉलेजात येऊ लागली होती.

टर्मच्या पहिल्या दिवशी मास्तर वर्गाला आपला नियम सांगत. "दर आठवड्याला घरून पाच गणितं करून आणायची. टर्मचा निकाल त्यावरच. एकेका गणिताला दहा मार्क. उत्तराला दोन, ते कसं आलं त्याला आठ. जिथं पहिली चूक दिसेल तिथं मी वाचायचं थांबणार. त्याच्या खाली पानभर लिहिलंत तरी शून्य."

पंचवीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला. शेवटची दोन वर्षं मात्र मार्क घालणारं दुसरंच कुणी होतं, आणि ते कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं.

मास्तरांना काचबिंदू झाला होता. वर्गात अडत नसे. फळ्यावरचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण वहीतली ओळ दिसेना. मग घरी त्यांची मुलगी अक्काताई वह्या वाचून दाखवू लागली. ती दहाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. आई आधीच गेलेली. पोरीचं मन कशात तरी रमावं म्हणून मास्तरांनी तिला पाटीवर गणितं घातली, आणि ती शिकत गेली. आता ती चोवीस वर्षांची होती. पहिले काही महिने ती वाची आणि मास्तर मार्क सांगत. पुढे ते म्हणाले, "तूच घाल, अक्का. तुला कळतंय." तेव्हापासून शनिवारी दुपारी ती वह्यांचा गठ्ठा सोडून बसे आणि मास्तर शेजारी डोळे मिटून पडत. त्यांच्या आयुष्यातल्या त्या फार सुखाच्या दुपारी होत्या.

अक्काताईनं एक गोष्ट मात्र वडिलांना सांगितली नव्हती. पहिल्या चुकीशी ती थांबत नसे. शेवटपर्यंत वाची, आणि पुढची रीत बरोबर असली तर त्याचे मार्क देई.

दुसऱ्या वर्षी श्रावणात हंबीरराव नावाच्या विद्यार्थ्यानं प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे दोन वह्या ठेवल्या. एक त्याची, एक शमशुद्दीनची. शमशुद्दीन शाहूवाडीकडचा, मुसलमान बोर्डिंगात राहणारा. गणित एकच होतं. हंबीररावाचं उत्तर बरोबर, पण नुसतंच उत्तर. त्याला दोन मार्क. शमशुद्दीनचं उत्तर चुकलेलं, त्याला सात.

रविवारी सकाळी प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः मास्तरांच्या घरी आले. सोबत हंबीरराव होता.

"मास्तर, हे सात कसे दिलेत, जरा समजावून सांगा," साहेब म्हणाले आणि त्यांनी वही मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी वही उलटसुलट चाचपली. मग हाक मारली, "अक्का, जरा वाच."

अक्काताई दाराशी आली. तिनं वही घेतली. "दुसऱ्या ओळीत उणे चिन्ह सुटलंय," ती म्हणाली. "तिथून पुढे रीत सगळी बरोबर आहे."

"म्हणजे चूक दुसऱ्याच ओळीत," साहेब म्हणाले. "मास्तर, तुमच्या नियमानं पहिल्या ओळीचे फार तर दोन. मग सात कुणी दिले? मुलगी काय करते नेमकं?"

मास्तरांनी मनात हिशोब केला. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. शिवाय गावभर होणार, की मगदूम मास्तर आंधळे झाले आणि वह्या घरातली बाई तपासते.

"ती फक्त वाचते आणि मी सांगतो ते लिहिते," ते म्हणाले. "मी दोनच सांगितले होते. तिनं चुकून सात लिहिले."

अक्काताईनं वडिलांकडे पाहिलं. मग ती आत गेली, दौत-टाक घेऊन आली, उभ्या उभ्या सात खोडले आणि दोन लिहिले. हंबीररावाचं समाधान झालं. साहेब चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शमशुद्दीन आला. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तर, एक इचारू? रागावू नगा."

"विचार."

"सातचं दोन झालं, सात चुकून पडलं हुतं म्हणत्यात, त्याचं काय न्हाय. पर कडंला तांबड्या शाईनं लिवलंय, 'चिन्ह सुटलं. पुढची रीत चांगली आहे, सोडू नये.' आमच्या घरात कुणाला आकडा येत न्हाय, मास्तर. रीत चांगली हाय असं मला पयल्यांदाच कुणीतरी म्हणालं. ते बी चुकूनच लिवलं हुतं व्हय?"

"नियम सगळ्यांना सारखाच, बाबा," एवढंच मास्तर म्हणाले.

"व्हय की," शमशुद्दीन म्हणाला आणि गेला. आत चुलीपुढे अक्काताई बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. चार दिवसांत कळलं, पोरानं गणित सोडलं आणि फारसी घेतली.

त्या शनिवारी गठ्ठा आला. अक्काताई वाचू लागली. अक्षर, चिन्ह, आकडा, अक्षर, चिन्ह, आकडा. आवाजात काही नाही. चूक आली तरी थांबणं नाही. वाचून झालं की ती टाक धरून वाट बघे. चौथ्या ओळीला येईतो मास्तरांची दुसरी ओळ सुटून जाई. "पुन्हा वाच," ते म्हणत. ती पुन्हा वाची.

"तुला काय वाटतं, अक्का? किती द्यावेत?"

"मी फक्त वाचते, आप्पा."

दिवेलागणीपर्यंत तीन वह्या झाल्या.

सोमवारी मास्तर काठी घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांचे मार्क मुलीनं दिलेत. ते सात तिनं विचार करून दिले होते, आणि ते बरोबर होते. आपण खोटं बोललो.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला दिसत नाही, हे आमच्या ध्यानात आलं होतं," ते म्हणाले. "पण हे मी कागदावर घेतलं तर दोन वर्षांचे सगळे निकाल उलटतील. राजीनाम्यात प्रकृतीचं कारण लिहा. बाकीचं विसरून जा."

"आणि त्या मुलाचे सात?"

"ते आता राहू द्या, मास्तर."

घरी आले तेव्हा अक्काताई सुपात जोंधळे निवडत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "सांगून आलो, अक्का. सगळं खरं सांगितलं."

तिचा हात थांबला. "शमशुद्दीनचे सात झाले?"

"नाही. दोनच राहिले."

ती पुन्हा जोंधळे निवडू लागली.

गठ्ठे यायचे बंद झाले. शनिवारी दुपारी अक्काताई बस्तीत, जैनांच्या देवळात, जाऊन बसू लागली. मास्तरांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. दिवाळीनंतरच्या थंडीत एकदा ते उन्हाला बसले होते. ती जवळून जाताना त्यांनी हाक मारली.

"अक्का, एखादं गणित घाल की मला. अवघडसं. तोंडी सोडवतो."



"आता काही आठवत नाही, आप्पा," ती म्हणाली. "भाकरी वाढते, आत या."

ती काहीच विसरत नसे, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भिंतीला धरून ते उठले आणि जेवायला आत गेले.