कुलूपबंद भरती

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, खाडीवरच्या बांधाचा. माझ्यापुढे समुद्राचं पाणी, पाठीमागे खारफुटीचं जंगल. तीन वर्षं झाली, मी मिटलेला आहे आणि मला हलता येत नाही.

मला एका सुतारानं घडवलं. बांधामुळे जंगलाचं पाणी तुटू नये म्हणून त्यानं मला बांधातल्या खाचेत बसवलं आणि वर लोखंडी चाक लावलं. चाक फिरवलं की मी वर सरकायचो. मग भरतीचं पाणी खुशाल आत शिरायचं, ओहोटीला परत जायचं. वादळाचा इशारा आला तरच मला खाली सोडत. सुतार थकल्यावर चाक त्याच्या सुनेच्या हाती आलं. तिला सगळे मावशी म्हणतात. ती चाकाला तेल घालायची आणि मला दटावायची, "कुरकुर करू नकोस. तुझ्यापेक्षा माझे गुडघे जास्त वाजतात."

एकदा एक संशोधक ताई आल्या. त्यांनी लांब नळी खुपसून काळाकुट्ट चिखल वर काढला. सोबतच्या वनखात्याच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"शेकडो वर्षांची पानंमुळं आहेत ही, साहेब," ताई म्हणाल्या. "झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन यात साठलाय. चिखल ओला आहे तोवर तो तिथंच राहील. सुकला, की पुन्हा हवेत."

साहेबांना ते पटलं. जरा जास्तच पटलं. महिन्याभरात कुंपण आलं, 'संरक्षित क्षेत्र' असा फलक लागला, मला टेकून फोटोही निघाले. हुकूम सुटला, आतली एकही वस्तू हलवायची नाही. नेमका आदल्या दिवशी वादळाचा इशारा होता, म्हणून मी खाली होतो. तसंच माझ्या चाकाला कुलूप ठोकलं.

"अहो साहेब, वादळ गेलं. दरवाजा वर घ्यायला हवा," मावशी म्हणाली.

"काही हलवायचं नाही, मावशी. जंगल जपायचंय ना?"

"पाण्यावाचून कसं जपणार?"

"लेखी अर्ज द्या."

तिनं अर्जावर अर्ज दिले. उत्तर एकच, क्षेत्र संरक्षित आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

समुद्र रोज दोनदा येऊन माझ्या छातीवर थापा मारतो. मला सगळं ऐकू येतं. पाठीमागे चिखलाला भेगा पडल्या, खेकड्यांची बिळं ओस पडली, काठावरची झाडं वाळली. आतली अजून तग धरून आहेत. शेकडो वर्षांचा साठा हवेत चाललाय, आणि त्याला राखणारं पाणी मीच अडवून उभा आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

आज सकाळी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या बाईसाहेब किल्ली घेऊन आल्या. त्यांनी मावशीला कुंपणाच्या आत बोलावलं. कुलूप निघालं, पण चाक गंजून गेलं होतं आणि मी खाचेत फुगून बसलो होतो. चौघांनी जोर लावला, मी तसूभर हललो नाही.

"फोडावा लागेल," बाईसाहेब म्हणाल्या.

मावशी घरी जाऊन सासऱ्यांची कुऱ्हाड घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिचा हातच उठेना. "मामंजींनी केलाय हो हा," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. जपायचं ते माझ्या पाठीमागे आहे. खारफुटी राखा, तिचा चिखल ओला ठेवा, आणि राखण्याच्या नादात तिचं पाणी तोडू नका. दरवाजा काय, दुसरा करता येईल.

भरती लागली आहे. पाणी माझ्या छातीपर्यंत आलंय, आणि मावशी अजून माझ्या फळीवरून हात फिरवते आहे. पुरे झालं, सूनबाई. घाल घाव.