मासळीच्या ट्रेलरमागे

नॉर्वेतल्या हार्डांगरच्या पठारावरून जाणारा रस्ता बोर्गहिल्डला काही नवा नव्हता. पण हिवाळ्यात तिथे गाडी चालवायची ती तिच्या नवऱ्याने, तार्याईने. ती आपली शेजारी बसून थर्मासमधली कॉफी ओतून द्यायची. यंदा स्वारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्टिअरिंग हिच्या गळ्यात पडलं. तिच्या मागच्याच सीटवर चार वर्षांची नात, ऊना, पट्ट्यांत अडकवलेली. पठार ओलांडून खाली उतरलं की पोरीची आई वाट बघत होती. तिची ठेव तिच्या हाती सुखरूप देईपर्यंत बोर्गहिल्डच्या जिवात जीव येणार नव्हता.

वर वादळ होतं, त्यामुळे चढाच्या सुरुवातीला रस्त्यावरचं फाटक बंद. अशा वेळी एकट्यादुकट्या गाडीला सोडत नाहीत. बर्फ सारणारी गाडी पुढे आणि तिच्यामागे सगळ्यांचा ताफा. फाटकावरची पिवळ्या जाकिटातली बाई काचेशी वाकली.

"काकू, मध्ये थांबावं लागलं तर गाडीतून उतरू नका आणि गाडी वळवू नका. पुढच्याचे दिवे दिसू देत, पण त्याला चिकटू नका. अवजड गाडी आहे."

पुढे मासळीने भरलेला भला मोठा ट्रेलर होता.

"ऐकलंस ना?" काच वर गेल्यावर तार्याई म्हणाला. "दिवे सोडायचे नाहीत."

"चिकटू नका असंही म्हणाली ती."

"तिला काय जातंय सांगायला. ती घरी जाऊन गरम सूप पिणार."

आता खरी गोष्ट अशी, की ताफा तोडणं ही पठाराखालच्या गावांत मोठी नामुष्की. पुढचे दिवे हरवून जो थांबतो, त्याच्यामागचे सगळेच बर्फात अडकतात. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गुन्व्होरचं तसं झालं, आणि अजूनही ती दुकानात शिरली की कुणीतरी विचारतंच, "काय गुन्व्होर, दिवा दिसतोय ना?" बोर्गहिल्डही त्यात खी खी करून हसली होती. दुसऱ्याची फजिती गोडच लागते म्हणा.

फाटक उघडलं. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग वारा सुटला आणि रस्ता, कडेला खुणेसाठी रोवलेल्या काठ्या, आभाळ, सगळं एकच पांढरं होऊन गेलं. त्यात ट्रेलरची चाकं बर्फाचा धुरळा उडवत होती तो वेगळाच. उरले फक्त दोन लाल दिवे. ते जरा फिके झाले की बोर्गहिल्डचा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला जायचा. दिवे जवळ आले की बरं वाटायचं. पुन्हा फिके, पुन्हा जवळ. असं करत करत ती ट्रेलरच्या पार बुडाशी जाऊन पोचली.

'ने रे बाबा आम्हाला,' ती मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला म्हणत होती. न पाहिलेला माणूस, पण तिला वाटत होतं की तो आपलं बोट धरून चालला आहे.

चढावर ट्रेलर थांबला. तिनेही ब्रेक दाबला. पुढे चाकं जागच्या जागी फिरत असल्याचा घरघराट ऐकू आला. मग दिवे मोठे व्हायला लागले.

"तार्याई, आपण पुढे सरकतोय का?"

"नाही," तार्याई म्हणाला. "तो मागे येतोय."

तिने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. वाऱ्याने तो गिळून टाकला. पोरीला घेऊन उतरावं तर दार वाऱ्यापुढे उघडेना.

"आजी, मासेवाला आपल्याकडे येतोय," ऊना म्हणाली.

"हो गं बाळा."

तिने रिव्हर्स टाकला. गाडी जेमतेम हलली आणि मागे धप्पकन आदळली. तिच्याही मागे कुणीतरी चिकटून होतं, तिचेच दिवे बघत. आता काय? देवा, पोरीला काही होऊ देऊ नकोस, माझं काय व्हायचं ते होऊ दे. जेवढी जागा मिळाली होती तेवढ्यात तिने स्टिअरिंग उजवीकडे पिळलं आणि गाडीचं नाक कडेच्या बर्फात खुपसलं. ट्रेलरचा कोपरा डावा दिवा फोडत, आरसा मोडत, पत्रा चिरत आला. डाव्या बाजूच्या तिच्या दारापाशी थांबला. ऊनाचं दार त्याच्या लगेच मागे होतं.

मग ऊनाने चिडून विचारलं, "काय मोडलं?" आणि तो रागावलेला आवाज ऐकून बोर्गहिल्डला श्वास घेता आला.

चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या बांधायला ड्रायव्हर खाली उतरला होता. टॉर्च घेऊन मागे आला आणि गाडी बघून जागीच उभा राहिला. तिने बोटभर काच खाली केली. तरुण होता, दाढीत बर्फ अडकलेला.

"आजी, तुम्ही कुठून आलात?"

"मागेच होते की तुमच्या. फाटकापासून."

"आरशात कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझीच गाडी शेवटची."

ज्याच्या भरवशावर बोर्गहिल्ड नातीला इतकं वर घेऊन आली होती, त्याला ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्याने मागच्या सीटवर टॉर्च मारला, ऊनाला पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. "मागे राहा, आजी. इतकं चिकटलात की मला दिसत नाही. तुमचा दिवा मला आरशात दिसला की ब्रेकचे दिवे दोनदा लावीन."

साखळ्या बांधून झाल्या. ट्रेलर निघाला. बोर्गहिल्डने गाडी बर्फातून रस्त्यावर घेतली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसली.

"चल ना. चाललेत बघ दिवे," तार्याई म्हणाला.

"जाऊ देत."

"अगं, हरवतील. ताफा तुटेल."

"तुटू दे. गप्प बस आता."

दिवे बारीक झाले, गुलाबी झाले, आणि गेले. पुढे नुसतं पांढरं. मागून हॉर्न वाजू लागले. तरी तिने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. त्या पांढऱ्यात कुठेतरी लाल काहीतरी उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं.

बोर्गहिल्डला रडू फुटलं. रडत रडतच तिने गिअर टाकला आणि हळूहळू निघाली.