खडा ओढणारा बाबा

रविवारी कळसच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. मांडवात बाबा तीर्थाचा घोट घ्यायचा, पेशंटच्या कमरेला पितळी नळी लावून मुतखडा ओढायचा आणि ताटलीत टणकन खडा थुंकायचा. "ना चिरा, ना टाका," म्हणत तो ताटली फिरवायचा. गर्दी हात जोडायची.

त्या गर्दीत मुतखड्याच्या कळांनी हैराण झालेले झुंबरतात्याही होते. त्यांची लेक सोनल बारामतीत मुतखड्याच्या दवाखान्यात नर्स होती. आमच्याकडंही आता चिरा देत नाहीत, लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून लेसरनं खड्याचा भुगा करतात, असं तिनं घरी सांगून पाहिलं. पण त्या वाटेचं नाव लेकीच्या तोंडून ऐकूनच तात्या शरमेनं उठून गेले. बाबानं काढलेला खडा त्यांनी देवघरात ठेवला. काही दिवसांनी कळही थांबली. सोनल सोनोग्राफीसाठी विनवत राहिली.

"दुखतच न्हाय, तर फोटो कशाचा काढायचा?" तात्या हसून म्हणायचे.

पाच महिन्यांनी ते तापानं फणफणले. फोटोत खडा जागच्या जागी दिसला. लघवी तुंबून डावी किडनी निकामी झाली होती, आत पू साठला होता. डॉक्टरांनी आधी नळी घालून पू काढला आणि सांगितलं, लेसरची वेळ गेली, आता पोटाला तीन छिद्रं पाडून किडनीच काढावी लागेल. असे खडे फुटताना सोनल रोज बघत होती. आपल्या बापासाठी मात्र तिला काहीच करता आलं नव्हतं.

"मग बाबानं काढला तो खडा कुणाचा?" तात्यांनी विचारलं.

सोनलनं देवघरातला खडा लॅबमध्ये दाखवला. ती रस्त्याच्या खडीची कपची निघाली.

पुढच्या रविवारी ती मांडवात अगदी पुढं बसली. प्रत्येक घोटानंतर बाबाचा गाल किंचित फुगत होता. ती उठली आणि तीर्थाचा तांब्या तिनं ताटलीत उपडा केला. पाण्याबरोबर आठ-दहा खडे घरंगळले. बाबा भक्तीचं काहीतरी पुटपुटत मागच्या मागं निघून गेला.

रांगेतल्या बनाबाई हळूच म्हणाल्या, "पर पोरी, माझं दुखायचं थांबलंय की."

"माझ्या वडलांचंबी थांबलं हुतं, मावशी. किडनी मरती तवाबी दुखणं थांबतं. एकदा फोटो काढून घ्या."

निम्मी माणसं उठली. निम्मी बाबा परत येईल म्हणून बसून राहिली. त्यांना कसं उठवावं, हे सोनलला कळेना. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही, आणि ताटलीत वाजलेला खडा आपल्याच पोटातला होता का, एवढं तरी प्रत्येकानं विचारायला हवं.