ठरल्याप्रमाणे वाजलेला व्हायोला

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ जण व्हायोलिन समजतात. मी व्हायोला आहे. अंगाने व्हायोलिनपेक्षा थोडा थोराड आणि आवाजाने जाड. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी पाठ सात वेळा तासली. दर वेळी तो बोटाने टकटक करून कान लावायचा आणि "अजून नाही" म्हणून पुन्हा रंधा उचलायचा. मला पहिली सवय लागली ती ऐकून घेतले जाण्याची.

दातांच्या एका डॉक्टरांनी मला विकत घेतले. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र क्वचितच तोंड उघडायचा. दवाखाना बंद झाला की ते मला घेऊन एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत जात. तिथे आमची चौकडी जमायची. पहिले व्हायोलिन ताईंचे, दुसरे त्यांच्या धाकट्या बहिणीचे. चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचे मोठे, खर्जातले वाद्य, वाजवायचे धाकटीचे यजमान, त्यांना सगळे भाऊजी म्हणत. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि माझ्या तारा उतरायच्या.

आम्ही वाजवायचो ते दोन-दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले संगीत. त्यातला एक सूरही बदलायची मुभा नव्हती. पण कुठे रेंगाळायचे, कुठे आवाज अगदी बारीक करायचा, हे ताई आधी ठरवू देत नसत. "सूर कागदावर आहेत, बाकीचं एकमेकांकडे बघून," असे त्या म्हणायच्या. एकदा ऐन कार्यक्रमात बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत मागे येऊ लागला. ताईंनी हातातला सूर तसाच लांबवला. डॉक्टरांची मान आपसूक वळली, भाऊजींचा तारांवरचा गज मंदावला आणि हॉर्न थांबेपर्यंत आम्ही चौघे त्या एका सुरावर उभे राहिलो. लोक आधी हसले, मग चिडीचूप झाले. तेच संगीत आम्ही शंभर वेळा वाजवले असेल, पण दोनदा सारखे कधीच नाही.

मग ताईंचा कान जाऊ लागला. आधी डावा, मागोमाग उजवा.

"डॉक्टर, तुम्हाला दातांचं कळतं. कानाचं काही कळतं का हो?" त्यांनी हसत विचारले. डॉक्टर माझ्या तारा पुसत राहिले.

ताईंचे वाजवणे सुटू नये म्हणून धाकटीने पेन्सिल घेतली. इथे चार मोजायचे, इथे हळू व्हायचे, इथे श्वास. चौघांच्या कागदांवर सारख्या खुणा झाल्या. ताईंची बोटे अचूक होती. त्या मोजत आणि आम्हीही मोजत होतो. तीन वर्षे एकही चूक झाली नाही. "घड्याळासारखं वाजवतात," म्हणून लोकांनी वाहवा केली. मला मात्र खोक्यात असल्यासारखेच वाटायचे.

शेवटचा कार्यक्रम एका वाचनालयाच्या सभागृहात झाला, दुपारचा. संथ भाग चालू होता. आणि अचानक ताईंचा गज रेंगाळला. कागदावर तिथे खूण नव्हती. तो लांबलेला सूर माझ्या पाठीला लागला. मी आतून थरथरलो. डॉक्टरांची मान वळेल म्हणून वाट पाहिली. पण त्यांचे डोळे कागदावर होते आणि ओठ आकडे मोजत होते. आम्ही तिघे ठरल्याप्रमाणे पुढे निघून गेलो. ताईंना काहीच ऐकू आले नाही. त्यांना दिसला तो पुढे गेलेला भाऊजींचा गज. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवले.

आतल्या खोलीत धाकटी रडवेली झाली. "ताई, आपलं ठरलं होतं ना?"

ताईंनी तिच्या ओठांकडे नीट पाहिले. "ठरलं होतं गं. पण आज मला थांबावंसं वाटलं." मग तिघांकडे पाहत त्या म्हणाल्या, "ऐकू मला येत नाही. तुम्हाला तर येतं ना?"

चौकडी त्या दिवशी मोडली.

वर्षभराने डॉक्टर मला घेऊन ताईंच्या घरी गेले. एकदा तरी न मोजता वाजवून दाखवावे, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी मला हनुवटीखाली धरले आणि ताईंनी सुरांची थरथर कळावी म्हणून माझ्या पाठीला तळवा लावला. डॉक्टरांनी तोच संथ भाग सुरू केला. समोर कागद नव्हता, तरी ठरल्या जागी गज वळला आणि ठरल्या जागी श्वास आला. ताईंनी तळवा काढून घेतला.

"अजून मोजतच आहात, डॉक्टर."

"सुटत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले.

आता मी कपाटावर असतो. माझ्या लाकडाचा सांधा उकलला आहे आणि तारा सैल पडल्या आहेत. डॉक्टर अधूनमधून धूळ पुसतात, पण मला खाली घेत नाहीत. मित्रांनो, माझी दुरुस्ती होईलही, सरस लावला की लाकूड सांधते. तुम्ही मात्र कोणाबरोबर वाजवायला बसलात, तर त्याच्याकडे मान वळवत जा. एकदा ती सवय मोडली की ती परत जोडणारा कारागीर मला तरी अजून भेटलेला नाही.